मृत साठा

बाबा ३० जून २०२५ ला रिटायर झाले. ऑगस्टपर्यंत ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, शिल्लक रजेचे पैसे आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम असे मिळून साधारण ३५ लाख त्यांच्या खात्यात आले. एवढी रक्कम आमच्या घरात कुणी एकत्र पाहिली नव्हती. त्याच खात्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला घराचा १९,५०० रुपयांचा हप्ता जातो. कर्ज बाकी होतं २० लाख.

बाबांचा निर्णय झालेलाच होता. "सगळं फेडून टाकू. डोक्यावर कर्ज घेऊन म्हातारा व्हायचं नाहीये मला."

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझं मत उलटं होतं आणि माझ्याकडे एक्सेल शीट होती. गणपतीला घरी जायचंच होतं. म्हटलं, समोरासमोर बसून समजावू.

आमचं घर अलोऱ्यात आहे. कऱ्हाडकडून कुंभार्ली घाट उतरलं की पोफळी, शिरगाव आणि मग अलोरे. बाबांची अख्खी नोकरी जलसंपदा विभागात, कोयना प्रकल्पावर गेली. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते सहा महिन्यांचे होते. पुढे त्याच कोयनेने त्यांना पगार दिला आणि माझी इंजिनियरिंगची फी भरली. मी वाढले प्रकल्पाच्या वसाहतीत. क्वार्टर म्हणजे कधीतरी सोडायची जागा, हे तिथे प्रत्येकाला माहीत असतं. रिटायरमेंट जवळ आली की वसाहतीतल्या गप्पांचा विषय एकच, घर कुठे घेतलं?

बाबांनी चिपळूणच्या बाजारपेठेजवळ फ्लॅट बघून ठेवला होता. मग २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. त्या बिल्डिंगचा तळमजला पूर्ण पाण्याखाली गेला. बाबांनी फ्लॅटचा नाद सोडला आणि अलोऱ्यातच उंचावर चार गुंठे जागा घेऊन घर बांधायला काढलं. जानेवारी २०२२ मध्ये २२ लाखांचं कर्ज घेतलं, व्याज ६.८ टक्के, मुदत १५ वर्षं. कर्जाचा विमा बँकेने सुचवला होता, पण हप्ता बघून बाबा नको म्हणाले.

पुढे काय झालं ते फ्लोटिंग कर्ज असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. आमचा व्याजदर नऊच्या वर गेला. हप्ता मात्र तेवढाच राहिला, म्हणून आमच्या ते लक्षातच आलं नाही. मुदत वाढत होती. मी स्टेटमेंट डाउनलोड करून बेरीज केली तेव्हा कळलं की साडेतीन वर्षांत बाबांनी ४२ हप्ते, म्हणजे आठ लाखांहून जास्त भरले होते. मुद्दल कमी झालं होतं दोन लाखांच्याही आत. २०३७ ला संपणारं कर्ज आता २०४० पर्यंत गेलं होतं. तेव्हा बाबा ७२ वर्षांचे असतील.

गौरी गेल्यावर घर जरा शांत झालं, तेव्हा मी लॅपटॉप उघडला. २०२५ मध्ये रेपो खाली येऊन ५.५ झाला होता आणि आमच्या कर्जाचा दर ८.२ टक्क्यांवर आला होता. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याजही ८.२ टक्केच. साठीच्या आत रिटायर झालेल्यांनाही ती घेता येते, फक्त पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. मर्यादा ३० लाख. नव्या करप्रणालीत बाबांच्या उत्पन्नावर करही लागत नव्हता. म्हणजे जेवढं व्याज द्यायचं तेवढंच मिळणार. गणिताची बरोबरी सुटली होती.

"मग फेडायचं कशाला?" मी म्हटलं. "पैसे हातात राहतील. उद्या आजारपण आलं तर?"

बाबा म्हणाले, "हातात राहतात ते पैसे खर्च होतात. फेडले की घर आपलं."

"घर विकून दवाखान्याचं बिल भरणार का?"

बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "धरणात मृत साठा असतो. पाणी दिसतं, पण गेटच्या खाली असतं, सोडता येत नाही. घरातले पैसे तसेच, एवढं कळतं मला. पण साठा दिसतो म्हणून झोप लागते ना."

मी कॉलेजला जायच्या आधी, २५ एप्रिल २०१२ ला, शिवसागर जलाशयात दुसरं लेक टॅपिंग झालं होतं. जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाण्याला आणखी खालून वाट काढली. वसाहतीत कितीतरी दिवस तोच विषय होता. खाली अडकलेलं पाणी वापरात आणायला एवढा खटाटोप लागतो. माझा मुद्दा तोच होता आणि बाबांनीच तो मांडला होता. तरी ते फेडणारच होते.

शीटमध्ये 'सगळं फेडलं तर' असा एक रकाना होता आणि त्यात 'अचानक खर्च' अशी ओळ. तिथे मी लाल रंगात लिहिलं होतं: पैसे कुठून? आई गहू निवडत मागे बसली होती. वाचून म्हणाली, "कुठून म्हणजे? तुझ्याकडूनच मागणार की."

बाबा लगेच म्हणाले, "लेकीचे पैसे नकोत."

"पैसे नकोत, पण हिशोब तिच्याकडूनच करून घेता."

आई सहज बोलून गेली, पण मला ते लागलं. माझ्याकडे नऊ लाख साठले आहेत, पुण्यात फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी. बाबांनी सगळं फेडलं आणि पुढे काही झालं तर त्या नऊ लाखांना हात लागणार. माझी सगळी शीट 'बाबांच्या हातात पैसे राहावेत' हे पटवून देत होती. ते खरंही होतं. पण त्यामागे माझी भीती होती आणि ती कुठल्याच सेलमध्ये लिहिलेली नव्हती.

मग आईने आणखी एक विचारलं. "यांच्यानंतर हप्ता कोण भरणार?"

त्याचा रकानाच नव्हता. मी तिथेच केला. विकलेला भाग वजा जाऊन बाबांच्या हाती महिन्याला साडेसत्तावीस हजारांच्या आसपास पेन्शन येते. त्यांच्या माघारी आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, काही वर्षं वाढीव दराने आणि नंतर शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, वर महागाई भत्ता. आजच्या हिशोबाने साधारण २२ हजार. त्यातून १९,५०० चा हप्ता गेला की आईकडे उरतात अडीच हजार.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघंही व्याजदरावरच भांडत होतो. तिशीत कर्ज फेडायचं की नाही हे दरावर ठरवता येतं, कारण पुढे पगार असतो. साठीत आधी बघायचं की हप्ता कोणाच्या उत्पन्नातून जाणार आणि ते उत्पन्न कमी झालं तर काय.

शेवटी अर्धं ठरलं. दहा लाख भरायचे. मग बँकेत प्रश्न आला, मुदत कमी करायची की हप्ता? मुदत कमी केली तर तोच १९,५०० चा हप्ता देऊन कर्ज सव्वापाच वर्षांत संपतं. हप्ता कमी केला तर तो ९,८०० होतो, पण कर्ज २०४० पर्यंत चालतं आणि व्याज जवळपास पाच लाख जास्त जातं. काउंटरवरचा माणूस मुदतच कमी करायला सांगत होता. इंटरनेटवरही सगळे तेच सांगतात.

आम्ही हप्ता कमी करायचा अर्ज दिला. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर आधी पैसे भरले तर दंड लागत नाही. मनात आलं तेव्हा जास्त भरता येतं आणि जमेल तसं भरत राहिलं तर कर्ज आपोआप लवकर संपतं. पण वाईट महिना आला तर देणं फक्त ९,८०० चं. आईला एकटीला तेवढं झेपेल.

उरलेल्या २५ पैकी २० लाख पोस्टात ठेवले, आईचं नाव जोडून. तिमाहीला ४१ हजार व्याज येईल. पाच लाख बँकेत एफडीत ठेवले, कधीही मोडता येतील असे.

बाबा पूर्ण खूश नाहीत. 'कर्ज नील' असं पत्र त्यांना कपाटात ठेवायचं होतं. मीही नाही, कारण एक गोष्ट अजून राहिली आहे. दर तिमाहीला कर्जात १५ हजार जास्तीचे मी भरेन, असं मी म्हटलं. बाबा नाही म्हणाले. मी म्हटलं, माझी फी तुम्ही भविष्य निर्वाह निधीतून काढून भरली होती, ते कोणाचे पैसे होते? ते उठून बाहेर गेले.

डिसेंबरच्या शेवटी मी न विचारता पैसे भरले. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. म्हणाली, "मेसेज आला यांच्या मोबाइलवर. वाचला. काही बोलले नाहीत."

"मग?"

"मग काय, चहा मागितला."