बीम उतरत आलं की

मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत आठवी-नववीला गणित आणि विज्ञान शिकवते. बी.एड.च्या पाठासाठी घर्षणाचा तक्ता रंगवला होता, शेराही चांगला मिळाला होता. पण घर्षण म्हणजे काय हे मला खरं कळलं ते 2018 च्या रमजान ईदला, घरच्या दस्तरखानावर.

धाकटा भाऊ दहावीपर्यंत उर्दूत शिकला. मग आय.टी.आय. करून भिवंडीकडे पिशव्यांची प्लास्टिक फिल्म छापणाऱ्या एका कारखान्यात लागला. ईदला आला आणि शीरखुर्म्याला हात न लावता माझ्यापुढे इंग्रजी मॅन्युअलच्या झेरॉक्स ठेवून बसला. "बाजी, एवढं वाचून सांग."

रोल उलगडताना फिल्मचा ताण सांभाळणारा कंट्रोलर त्याच्याकडे सोपवला होता. भरल्या रोलवर सगळं ठीक चाले. रोल संपत आला की फिल्म थरथरायची. काटा सहा किलोवर थांबायचा सोडून चार आणि नऊच्या मध्ये झोके घ्यायचा, आणि लाल रंग पिवळ्यावर नीट बसत नसे. वाया गेलेली फिल्म त्याच्या नावावर लिहिली जात होती. नोकरी अजून पक्की नव्हती.

मी वाचू लागले. फिल्म एका रोलरवरून जाते, तिथला लोड सेल ताण मोजतो. कंट्रोलर तो ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि रोलच्या ब्रेकला वीज कमी-जास्त देतो. चूक दिसताच ती किती जोराने दुरुस्त करायची, तो पी. तरीही थोडी चूक उरलीच तर ती सावकाश भरून काढायची, तो आय. पी फार वाढवला की कंट्रोलर उतावळा होतो. एकीकडची चूक काढता काढता दुसरीकडची करून बसतो. (वर्गावर नवीन आलेल्या मास्तरचंही असंच होतं. माझंही झालं होतं.) म्हणून पी थोडा थोडा वाढवावा, झोके सुरू झाले की निम्म्यावर आणावा, मग बेताने आय घालावा.

"हे सगळं केलं," भाऊ म्हणाला. "भरल्या रोलवर केलं."

अब्बा शेजारीच बसले होते. पस्तीस वर्षं माग चालवून त्यांचे कान गेलेले. 2011 साली माग भंगारात गेला, तेव्हापासून घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. मीसुद्धा नाही. त्यांनी झेरॉक्सवरचं चित्र स्वतःकडे ओढलं आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ये तो बीम है. बीम उतरता जाए तो वजन अंदर लेता के नहीं?"

मागाच्या बीमला साखळीचा वेढा असतो, साखळी लोखंडी दांड्याला, दांड्यावर वजन. साखळीच्या घर्षणाने बीम अडून राहतं आणि ताणा ताठ राहतो. सूत संपत आलं की अब्बा ते वजन एकेक खाच आत, खिळीकडे सरकवायचे. लहानपणी मला वाटायचं, उगाच चाळा म्हणून करतात.

दस्तरखानावरच मी वहीत हिशेब मांडला. ब्रेक तेवढाच ठेवला तर त्रिज्या कमी होईल तसा ताण वाढतो. रोलचा व्यास 80 सेंटिमीटरवरून 10 वर आला तर ताण आठपट. शिवाय भरला रोल जड, सुस्त. संपत आलेला हलका. मोठ्याला मानवणारा पी लहान रोलवर नुसती आदळआपट करतो. मॅन्युअलच्या एका पानावर हेच होतं, व्यासाप्रमाणे पी आपोआप उतरवत न्यायची सोयही दिली होती. ते पान मी समजलं नाही म्हणून उलटलं होतं. शाळेत मुलांना ओरडते मी यासाठी.

भाऊ परत गेला. भरल्या रोलवर एकदा आणि संपत आलेल्या रोलवर एकदा, असे दोन वेळा त्याने आकडे बसवले. चौथ्या दिवशी फोन आला: शेवटच्या वेढ्यापर्यंत काटा साडेपाच ते साडेसहाच्या आत.

मी अब्बांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तार टूटी क्या?"

"नाही अब्बा," मी म्हटलं, "एकही नाही."