डॅशबोर्डमागचा काळा डबा

दहा बाय दहाच्या खोलीत साधारण २८ घनमीटर हवा असते आणि तिला एक टनाचा, म्हणजे साडेतीन किलोवॉटचा एसी पुरतो. छोट्या मोटारीत माणसं बसतात त्या भागात हवा असते जेमतेम तीन घनमीटर. मग तिचा एसी केवढा असेल? घरातल्याएवढाच, पुष्कळदा त्याहूनही ताकदवान! हे कळलं त्या दिवसापासून मी मोटारीच्या एसीच्या मागे लागले आहे आणि भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे.

एवढी ताकद लागते कारण मोटारीला सगळीकडून काच आणि पातळ पत्रा. एप्रिलच्या दुपारी नागपुरात किंवा जळगावात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही पुढे तापू शकतो. काचेतून आलेलं ऊन डॅशबोर्ड, सीटा, स्टिअरिंग पिऊन घेतात आणि त्यांची उष्णता काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. एवढं सगळं तापलेलं सामान निववायचं, तेही काही मिनिटांत, कारण मागच्या सीटवर पोरं कुरकुरायला लागलेली असतात.

त्यात आणखी एक पेच. कॉम्प्रेसर फिरतो इंजिनच्या पट्ट्यावर. हायवेला इंजिन जोरात असतं आणि पुढच्या जाळीमागच्या, आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला वारा भरपूर मिळतो. सिग्नलला गाडी थांबली की कॉम्प्रेसर मंदावतो, वारा नाहीसा होतो, खाली डांबर तापलेलं, पुढच्या गाडीचा धूर अंगावर. एसीची खरी परीक्षा होते ती स्वारगेटच्या चौकात, भर दुपारी, उभ्या गाडीत! कंडेन्सर केवढा हवा आणि त्यामागचा पंखा किती जोराचा, हे ठरवताना डिझायनरला ती उभी गाडी विसरून चालत नाही.

ओळखीच्या एका एसी मेकॅनिककडे कूलिंग कॉइल बदलण्यासाठी गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उतरवला होता. मी तिथे जाऊन उभीच राहिले. आत एक काळा प्लॅस्टिकचा डबा. त्यात एका टोकाला ब्लोअर, मग कूलिंग कॉइल, तिच्यापुढे हीटरचा छोटा रेडिएटर आणि मध्ये फ्लॅप, म्हणजे हलणारे पडदे. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटलेला गॅस कॉइलमध्ये उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता तिच्यावरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. बऱ्याच गाड्यांत असलेला १३४ए गॅस साध्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो, पण कॉइल तेवढी गार होऊ देत नाहीत. ती शून्याच्या किंचित वरच ठेवायची, नाहीतर हवेतल्या ओलाव्याचं बर्फ धरतं आणि वाट बंद. म्हणून कॉइलला एक सेन्सर टोचलेला असतो. साध्या गाड्यांत कॉम्प्रेसर मधूनच ‘टक’ करून सुटतो आणि पुन्हा लागतो, त्यामागे बऱ्याचदा हाच असतो.

आणि आता ऐका! हीटर असलेल्या बहुतेक गाड्यांत थंड-गरमचं बटण फिरवलं की फिरतो तो एक फ्लॅप. कॉइलवरून हवा चांगली गार होऊन येते, मग फ्लॅप तिच्यातली हवी तेवढी हीटरवरून पाठवतो आणि पुढे दोन्ही एकत्र होतात. आधी गार करायची, मग पुन्हा तापवायची? हो, आणि यातच सगळी खुबी आहे. गार कॉइलवर हवेतलं पाणी सुटतं आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकतं; मागे राहते कोरडी हवा. जुलैत वरंध घाटात पुढची काच आतून धुरकटते, आपण फडक्याने पुसत बसतो आणि दोन वळणांनी ती पुन्हा धुरकटते. तेव्हा एसी चालू करा, बटण गरमकडे फिरवा आणि झोत काचेवर सोडा. कोरडी, कोमट हवा काच बघता बघता लख्ख करते. पावसात एसी लावणं ही चैन नाही, रस्ता दिसण्याची सोय आहे.

हे सगळं एका डब्यात मावायला वेळ लागला. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलला एसी दिला तेव्हा त्याची कॉइल मागच्या सीटमागे होती आणि तो बंद करायचा तर खाली उतरून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! १९५४ मध्ये नॅश कंपनीने थंड आणि गरम दोन्ही पुढच्या बाजूला एकत्र आणलं. आज आपण जे बटण सहज फिरवतो, त्याची सुरुवात तिथली.

हवा आत येते कुठून, हेही बघण्यासारखं आहे. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरजवळच्या जाळीतून. कारण धावत्या गाडीत वारा तिथे दाटतो आणि आपोआप आत शिरतो. आणि बाहेर? बऱ्याच गाड्यांत मागच्या बंपरआड रबरी झडपा असतात. आतला दाब वाढला की त्या उघडतात, बाहेरची धूळ येऊ लागली की मिटतात. सगळ्या काचा बंद असताना दार सहज लागतं ते बरंचसं त्यांच्यामुळे. आतल्या हवेला वाट नसेल, तर ब्लोअर कितीही जोरात लावा, ताजी हवा आत यायची कशी?

हे कळल्यापासून मी ट्रकच्या केबिनकडे टक लावून बघते. ड्रायव्हरच्या सीटखाली इंजिन, समोर भली मोठी उभी काच, दिवसाचे दहा-दहा तास तिथेच. आता नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे, आणि डिझायनरांच्या हाती किती सुंदर काम आलं आहे! काच केवढी, खालून येणारी इंजिनची उष्णता अडवायची कशी, झोत छातीवर सोडायचा की पायांवर, सगळं नव्याने मांडायचं. आणि ड्रायव्हर रात्री ढाब्यापाशी गाडी लावून त्याच केबिनमध्ये झोपतो. इंजिन बंद, म्हणजे पट्टाही थांबलेला. तेव्हाचा गारवा बॅटरीवर किती तास पुरवता येईल, हे कुणी मला समजावून सांगेल का? वही घेऊन येते!