गाण्याचे भाडे

खोल्या भाड्याने देणाऱ्याने गाण्याचेही भाडे भरायचे, हे आपल्याकडे सहसा कुणाला पटत नाही. माझ्या मामूंना तर मुळीच पटले नाही. जालना-अंबड रस्त्यालगतच्या शेतात त्यांनी चार खोल्या बांधल्या आहेत. सुट्ट्यांत मुंबई-पुण्याचे पाहुणे येऊन राहतात, पुढच्या हिरवळीवर निकाह-वलीमे होतात. परवान्याशिवाय गाणी वाजवता म्हणून एका कंपनीची नोटीस आली, तेव्हा मामू म्हणाले, "स्पीकर माझा, वीज माझी, गाणे हवेतले. पैसे कशाचे?"

घरात घरच्यांसाठी गाणे लावले तर कुणी विचारत नाही. राहत्या इमारतीच्या सामायिक दालनात रहिवाशांसाठी ध्वनिमुद्रण वाजवायलाही 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. पण हॉटेल आणि तत्सम व्यावसायिक जागा तिच्यातून वगळल्या आहेत, आणि पैसे घेऊन पाहुणे ठेवणारे मामू या वगळलेल्यांतच बसतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपची वर्गणी भरली म्हणजे भागले, असेही नाही. ती आपल्या कानांपुरती.

शिवाय हक्क दोन. शब्द आणि चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. 'प्यासा' 1957चा. त्याच्या ध्वनिमुद्रणाची 60 वर्षांची मुदत 2017 अखेर संपली. साहिर 1980 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2040 अखेरपर्यंत राहतो. जुनी गाणी फुकट, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

लग्नाचे मात्र निराळे. त्याच कलमात धार्मिक समारंभाला सूट आहे, आणि वरात व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे त्यात धरले आहेत. केंद्राच्या उद्योग संवर्धन खात्याने 24 जुलै 2023 रोजी तसे स्पष्टही केले. त्याच धर्तीवर गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये परिपत्रक काढले. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते ऑगस्टमध्ये रद्द केले, पण मूळ कलम जागेवर आहे. तेव्हा वलीम्याचे पैसे कुणी मागितले तर आधी वकिलाला विचारावे, आणि कोणत्या गाण्यांचा हक्क कुणाकडून मिळाला याचा कागद मागून घ्यावा. नोटीस पाहून घाबरून पैसे मोजणारे आपल्यात फार.

खोल्यांचे पैसे मात्र मामूंनी द्यावेत, असे मी त्यांना सांगितले. "हवेतले गाणे" हे शब्द मला झोंबले. मीही चार गझला लिहितो. मानधन म्हणून अंक मिळतो, तोही कधी कधी. सिनेमाचे गीतकार तरी सुखी असतील, असे वाटे. पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणे करून घेतले की, वेगळा करार नसेल तर, हक्क त्याचाच. गाणे गल्लोगल्ली वाजत राहिले तरी लिहिणाऱ्याला पुढे दावा उरत नसे. पस्तीस वर्षे हे चालले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी लावून धरले आणि 2012 मध्ये कायदा बदलला. आता सिनेमागृहाबाहेर गाणे वाजले की रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा समान वाटा असतो, आणि करारावर सही करूनही तो निर्मात्याला देऊन टाकता येत नाही.