तीन आठवड्यांची उसनवारी

हल्ली भाजलेल्या पेशंटचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टरसाहेब, आता म्हणे कातडी लॅबमध्ये तयार होते. वेळ पडली तर वावर विकू, पण तेवढी मागवा." देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न येतो याचं आता नवल राहिलेलं नाही. मोबाइलवर सगळं दिसतं. दिसतं ते खोटंही नसतं. मधले तीन आठवडे तेवढे गाळलेले असतात, आणि मोठा भाजलेला माणूस हातचा जातो तो बहुधा त्याच तीन आठवड्यांत.

लॅबमधल्या कातडीची गोष्ट तशी जुनी आहे. १९७५ साली अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या. १९८३ मध्ये वायोमिंग राज्यातले दोन लहान भाऊ अंगाच्या ९५ टक्क्यांहून जास्त भाजले होते. त्यांच्याच उरल्यासुरल्या त्वचेचा छोटा तुकडा घेऊन, त्यातून पत्रेच्या पत्रे वाढवून त्यांचं अर्ध्याहून अधिक अंग झाकलं. दोघंही वाचले. पेशी स्वतःच्याच असल्यामुळे शरीर त्या नाकारत नाही, ही यातली मोठी जमेची बाजू. टपालाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यातून तीन-चार आठवड्यांत अंगभर पुरेल एवढा थर मिळतो.

पण मिळतो तो फक्त वरचा थर. जाडी मोजक्या पेशींची. त्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, आणि मुख्य म्हणजे खालचा चिवट थर, डर्मिस, नाही. आमच्या भागात शेडनेटमध्ये बियाण्याचे प्लॉट घेणाऱ्यांना हे फोड करून सांगावं लागत नाही. रोप कितीही जातिवंत असलं तरी खाली वाफा तयार नसेल तर ते धरत नाही. उघड्या, पू झालेल्या जखमेवर लॅबची महागडी कातडी टाकली तर ती आठवड्यात विरघळून जाते. धरली तरी नुसत्या घासण्याने तिला फोड येतात.

आमचं रोजचं ग्राफ्टिंग, म्हणजे पेशंटच्याच मांडीची कातडी काढून जखमेवर लावणं, याच्यापुढे अगदी साधं. मांडीला लिक्विड पॅराफिन चोळायचं, सिस्टरने लाकडी पट्टीने कातडी ताणून धरायची आणि लांब पात्याचा हम्बी सुरा करवतीसारखा मागे-पुढे करत पुढे न्यायचा. पात्यावर ओल्या पतंगाच्या कागदासारखा अर्धपारदर्शक पदर गोळा होत जातो. मांडीवर मागे रक्ताचे बारीक, एकसारखे ठिपके उमटले की खोली बरोबर आहे असं समजायचं. ठिपके मोठे आणि विरळ दिसले, तर पातं खोल गेलं. मग तो पदर फळीवर पसरून ब्लेडने त्याला बारीक चिरा द्यायच्या, म्हणजे खाली पाणी साचत नाही. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडताना मी आधी वास घेतो, मग रंग बघतो. गुलाबी आणि घट्ट बसलेलं असेल तर ग्राफ्ट घेतलं. पेशंटची तक्रार मात्र जखमेची नसते, मांडीची असते. कातडी काढलेली जागाच जास्त ठणकते.

अर्धंअधिक अंग भाजलं की ही मांडीच शिल्लक राहत नाही. असे पेशंट आम्ही सलाइन, लघवीची नळी आणि स्वच्छ चादर एवढं सांभाळून संभाजीनगरकडे रवाना करतो. तिथेही पहिला प्रश्न तोच असतो : स्वतःची कातडी मिळेपर्यंत जखम कशाने झाकायची? उघड्या जखमेतून पाणी, मीठ, प्रथिनं झिरपत राहतात आणि जंतूंना दार सताड उघडं मिळतं.

या प्रश्नावर महाराष्ट्राने स्वतःचं डोकं चालवलेलं आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग केलं. १९८५ मध्ये त्यावरचा निबंध छापून आला. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं. साल काय, पान काय, जखमेला चिकटत नाही, त्यामुळे काढताना पोर किंचाळत नाही. त्याच सायनमध्ये २००० साली देशातली पहिली त्वचापेढी उभी राहिली. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही झाली. मृत व्यक्तीची त्वचा ग्लिसरॉलमध्ये, थंडाव्यात काही वर्षं टिकते आणि ती लावायला रक्तगट जुळावा लागत नाही. शरीर ती दोन-तीन आठवड्यांत नाकारतं, पण तेवढ्यात जखम सावरते.

हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. लॅबला लागतात तीन-चार आठवडे. दान केलेली त्वचा तग धरते जवळपास तेवढीच. १९८६ मध्ये येल विद्यापीठातल्या क्युओनो यांनी नेमका हाच सांधा जुळवला. आधी दान केलेली त्वचा लावली, पुढे तिचा वरचा थर खरवडून काढला, आणि खाली रुजलेल्या डर्मिसवर लॅबमधली पेशंटची स्वतःची त्वचा बसवली. कृत्रिम डर्मिसही निघालं आहे. बर्क आणि यानास यांनी गुरांचं कोलॅजन आणि शार्क माशाच्या कूर्चेतलं द्रव्य मिसळून ते केलं. त्यात रक्तवाहिन्या शिरायलाही दोन-तीन आठवडे जातातच, आणि किंमत ऐकून भलेभले गप्प होतात.

म्हणून वावर विकायला निघालेल्याला मी आधी वाफ्याचं सांगतो : वीस मिनिटं वाहतं पाणी, टूथपेस्ट-शाई-शेण काहीही लावायचं नाही, आणि लवकर दवाखाना. मग त्वचादानाचा विषय काढतो. नेत्रदान आता आमच्या खेड्यापाड्यांत रुळलं आहे. त्वचादान म्हटलं की लोक दचकतात, मढं सोलतात की काय असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात मांड्या, पोटऱ्या आणि पाठीवरचा पातळ पदर तेवढा घेतात, वर पट्टी बांधतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत. मात्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पथक पोचायला हवं, आणि आमच्यापासून मुंबई चारशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. लॅबची कातडी उद्या स्वस्त होईल, इकडेही येईल. तोवर आणि त्यानंतरही जवळच्या मोठ्या गावी त्वचापेढी असणं ही आमची पहिली गरज आहे. मागणीच करायची तर ती आधी करावी.