सोलापूरहून निघालेला सेनापती आणि आमच्या घरातील हंडा

(१)
सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर नळदुर्ग लागते. किल्ल्यातला पाणीमहाल पाहायला आपण सारेच कधी ना कधी गेलेलो असतो. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे याच वाटेने भारतीय सैन्याचा पहिला चिलखती विभाग निझामाच्या हद्दीत शिरला. त्याचे नेतृत्व करणारे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी पुढे अठरा वर्षांनी कॅनडात भारताचे उच्चायुक्त झाले. आजचा धागा त्यांच्याविषयी आहे. आणि थोडासा माझ्या आजीविषयीही.

(२)
चौधुरींचा जन्म १९०८ चा, बंगालमधील सुशिक्षित घराण्यातला. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांच्या आईचे वडील. शिक्षण लंडनच्या हायगेट शाळेत आणि सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात. १९२८ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या आघाडीवर लढले आणि ब्रह्मदेशात १६ व्या लाइट कॅव्हलरीचे नेतृत्व त्यांनी केले. भरघोस मिशांमुळे सहकारी त्यांना ‘मुच्छू’ म्हणत.

(३)
१९४८ सालचे सोलापूर डोळ्यांसमोर आणा. तिन्ही बाजूंना थोड्याच अंतरावर निझामाची सरहद्द. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांचा उपद्रव वाढलेला. सरहद्दीलगत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या आणि शहरात रोज नवी निर्वासित कुटुंबे. माझी आजी त्यांपैकीच एक. ती तुळजापूर तालुक्यातली. तेव्हा आठ वर्षांची. “भाकरी तव्यावर होती बघ, तशीच टाकून निघालो,” असे ती आजही सांगते.

(४)
कारवाईची मुख्य चढाई सोलापूरहून झाली, दुसरी विजयवाड्याकडून. सर्वांवर दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी होते. पहिल्याच सकाळी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला आणि वाट मोकळी झाली. उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असे करत फौज पुढे सरकली. १७ सप्टेंबरला निझामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला हैदराबाद संस्थानाचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधुरींपुढे शरणागती पत्करली. अवघे पाच दिवस.

(५)
आपली पाठ्यपुस्तके येथे थांबतात. दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजारोहण होते, आणि ते योग्यच आहे. रझाकारांची भीती खरी होती, मुक्तीचा आनंदही खरा होता. आजीच्या डोळ्यांत तो मी पाहिला आहे. परंतु चौधुरींचे काम १८ सप्टेंबरला संपले नाही, सुरू झाले. १९४९ च्या अखेरपर्यंत ते हैदराबादचे लष्करी प्रशासक होते. जहागिरी नष्ट करणारा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत, ऑगस्ट १९४९ मध्ये आला. शतकानुशतकांची सरंजामी व्यवस्था एका सैनिकाच्या सहीने मोडीत निघाली.

(६)
याच काळाची दुसरी बाजूही आहे. कारवाईच्या वेळी आणि नंतरच्या आठवड्यांत संस्थानातील मुसलमान वस्त्यांवर भयंकर सूड उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या समितीचा अंदाज होता, किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, म्हणजे आजचा धाराशिव, आपला शेजारी. काही ठिकाणी गणवेशातील माणसेही लुटीत सामील झाल्याची नोंद त्या अहवालात आहे. तो अनेक दशके लोकांसमोर आला नाही.

(७)
हे मी पदव्युत्तर वर्गात वाचले आणि त्या सुट्टीत घरी गेल्यावर माळ्यावरचा तांब्याचा हंडा खाली काढला. लहानपणापासून तो पाहत आले होते. त्याच्या गळ्याशी उर्दू अक्षरांत एक नाव कोरलेले आहे. ते आमच्या घराण्यातले नाही.

(८)
आजीला विचारले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “शेजारी अत्तार होते. त्यांची पोरगी माझ्याएवढीच. दिवाळीच्या सुमारास आम्ही परत गेलो तर घराला दारं नव्हती. दादा म्हणायचे, हंडा त्यांनी ठेवायला दिलाय, परत येतील तेव्हा देऊ.” “आले का गं?” मी विचारले. “नाही ना बाळा. आणि दादांना दुसऱ्यांदा विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.”

(९)
पणजोबांनी तो हंडा सांभाळून ठेवला, की त्या दिवसांत तो उचलून आणला? साक्ष देणारे कोणी उरलेले नाही. पुरावा नाही म्हणून मी त्यांना दोषी ठरवणार नाही. आणि पुरावा नाही म्हणून निर्दोषही म्हणणार नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून ही शिस्त मी वर्गात शिकले होते. ती आपल्याच घराला लावताना हात किती कापतो, हे त्या दिवशी कळले.

(१०)
आता चौधुरींकडे परत. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याची मोहीम झाली तेव्हा ते पुण्याहून दक्षिण विभाग सांभाळत होते. चीनकडून झालेल्या पराभवाच्या छायेत, नोव्हेंबर १९६२ मध्ये, ते लष्करप्रमुख झाले. १९६५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात सेना त्यांच्याच हाताखाली लढली. जून १९६६ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात ओटावाला उच्चायुक्त म्हणून रुजू झाले. १९६९ पर्यंत तेथे होते.

(११)
ही नेमणूक म्हणजे निवृत्तीनंतरची विश्रांती असे कोणाला वाटेल. तसे नव्हते. ती आपल्याकडे दुष्काळाची वर्षे होती आणि कॅनडा आपल्याला गहू देणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक होता. अणुऊर्जेत त्याचे साहाय्य चालू होते. व्हिएतनामवरील आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगात भारत, कॅनडा आणि पोलंड एकत्र बसत. ज्याने आयुष्यभर रणगाडे हलवले, त्याला आता शब्द हलवायचे होते.

(१२)
चौधुरींचे चरित्र मला याच कारणासाठी महत्त्वाचे वाटते. पाच दिवसांची मोहीम आणि त्यामागून सव्वा वर्षाचे प्रशासन. बावीस दिवसांचे युद्ध आणि त्यामागून तीन वर्षांची राजनीती. आपण पाच आणि बावीस दिवसांचे वाचक आहोत. विजय कसा मिळाला हे आपल्याला तोंडपाठ असते. विजयानंतर कोणाचे काय झाले, हे विचारले की चर्चा तापते. सेनापतीचे मोठेपण त्या प्रश्नाने उणे होत नाही. तो प्रश्न टाळला तर मात्र आपला अभ्यास उणा राहतो.

(१३)
सुंदरलाल समितीच्या अहवालातील एक नोंद सोलापूरकरांनी जपून ठेवावी. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांचे रक्षण केले. त्यासाठी काहींनी प्राणही दिले. मागांच्या खटखटाटात वाढलेल्या आपल्या शहराला हे नाते समजावून सांगावे लागू नये.

(१४)
हंडा आता माळ्यावर नाही, बैठकीच्या खोलीत आहे. त्यावरचे नाव मी मोडी-उर्दू जाणणाऱ्या एका सरांकडून वाचून घेतले, आजीचे बोलणे तारखेसह उतरवून काढले. तुमच्या घरी १९४८ पाहिलेले कोणी असेल तर याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. रझाकारांविषयी विचारा, रणगाड्यांविषयी विचारा. आणि ते परतले तेव्हा शेजारचे घर कसे होते, हेही विचारा.