पुतण्याची अमेरिका, फुफूजानची मुळशी

शिकागोत ५ जूनला वलीमा होता आणि माझा पुतण्या ४ मे रोजीच तिथे जाऊन उभा राहिला. निमंत्रणात ६/५ असे लिहिले होते. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग तारीख. हा ब्लॅकबर्नचा, जन्मापासून ब्रिटिश, आपल्यासारखाच आधी तारीख वाचणारा. त्याने मे महिन्याची सहा वाचली, सगळ्यांना चकित करायचे म्हणून कोणालाही न कळवता तिकीट काढले आणि शेरवानीची बॅग घेऊन दारावरची बेल वाजवली. दार माझ्या फुफूजानने उघडले. वय वर्षे ८२. तिने त्याला नखशिखांत न्याहाळले आणि विचारले, "बेटा, लग्न कोणाचं आहे?"

नाते सांगायला हवे. माझे चाचा १९६० च्या दशकात पौडहून लँकेशायरच्या कापड गिरण्यांत कामाला गेले. रात्रपाळीला तिथे माणसे मिळत नव्हती. पुढे गिरण्या बंद पडल्या, चाचा मात्र तिथलेच झाले. त्यांची बहीण, म्हणजे ही फुफूजान, लग्न होऊन शिकागोला गेली. मुळशी तालुक्यातल्या एका घराच्या अशा तीन देशांत तीन चुली झाल्या. पुतण्या हा चाचांचा नातू, वय चोवीस. इंग्रजी बोलणाऱ्या देशातून इंग्रजी बोलणाऱ्याच देशात जायला कसली तयारी लागते, असे त्याला वाटले होते.

दुसऱ्या दिवशी फजरला निघताना त्याने विचारले, "दादी, बाहेर किती आहे?" ती म्हणाली, "चाळीस." चाळीस म्हणजे पुण्याचा एप्रिल, असे समजून स्वारी मलमलचा कुर्ता घालून बाहेर पडली. अमेरिकेचे चाळीस फॅरनहाइटमधले. आपल्या हिशोबाने जेमतेम साडेचार अंश. मशीद अर्ध्या तासाच्या वाटेवर, रस्त्याला फुटपाथ नाही, आणि त्या वस्तीत पायी चालणारा हा एकटाच. दोन मोटारी थांबल्या. गाडी बंद पडली का, अशी दोघांनीही काळजीने चौकशी केली. तिसरी मोटार मशिदीकडेच निघालेल्या एका वडीलधाऱ्यांची होती. त्यांनी काही न विचारता दार उघडले आणि हीटर वाढवला.

दुकानात एक डॉलर नव्व्याण्णव सेंटची वस्तू घेऊन त्याने ऐटीत दोन डॉलर पुढे केले, तर ते कमी पडले. तिथे कर पाटीवर नसतो, गल्ल्यावर चढतो. माशाबरोबर चिप्स मागितल्या तर बटाट्याच्या गरम फोडींऐवजी वेफर्सची पुडी आली. चहाबरोबर बिस्कीट मागितले तर पावासारखे मऊ, गरम काहीतरी समोर आले. हॉटेलात शीतपेयाचा पेला न मागता पुन्हा भरला गेला, तेव्हा हा घाबरून "मी मागवलं नव्हतं" म्हणू लागला. या सगळ्या गोष्टी त्याने मला हसत हसत सांगितल्या. मलाही हसू आले, पण बर्फ घातलेल्या पाण्याविषयी मात्र मला त्याची दया आली.

फुफूजान त्याला डेव्हन अॅव्हेन्यूला घेऊन गेली. शिकागोतला हा रस्ता म्हणजे आपल्या लोकांचा बाजार. त्याच्या एका भागाला गांधींचे नाव आहे, एका भागाला जिनांचे, एका भागाला शेख मुजीबांचे. फुफूजान म्हणते, "इथे फाळणी पायी पार करता येते, गुडघे चांगले असले तर." तांदळाच्या पोत्यांपुढे ती थांबली, मूठभर बासमती हुंगला आणि परत टाकला. "वास आहे," म्हणाली, "पण आपला नाही." तिला आंबेमोहर हवा होता. मुळशीचा तांदूळ बॅगेतून नेण्याची सोय नाही. खापरा किड्याच्या धास्तीने अमेरिका आपल्याकडून येणाऱ्या प्रवाशांचा तांदूळ आत घेत नाही.

त्याच बाजारात एका दुकानदाराने पुतण्याचे बोलणे ऐकून विचारले, "कुठले तुम्ही?" "ब्लॅकबर्न." "ते झालं हो, पण मुळातले कुठले?" हा प्रश्न त्याला तिथे अनेकांनी विचारला होता, आणि दर वेळी तो चिडला होता. या वेळी त्याच्याआधी फुफूजानच म्हणाली, "मुळशीचे. पाण्याखालचे."

वलीम्याला अजून तीन आठवडे होते. त्या दिवसांत तिने त्याला काय ते सांगितले. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी धरण बांधायला घेतले. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. (बापट एडिंबरोला शिकलेले, हे ऐकून पुतण्याला उगाचच आपला माणूस भेटल्यासारखे वाटले.) धरण झालेच. पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला उतरते, त्याची वीज होते. १९२७ पासून ती मुंबईसाठी निघते आहे. बुडालेल्या गावांपैकी एका गावाचे मुलाणी आमचे पणजोबा होते. गाव उठले तसे कुटुंब पौडला आले. त्यांचे आईवडील तिथल्या कब्रस्तानातच राहिले, त्यांच्यावरून पाणी गेले. फुफूजानने स्वतः ते गाव कधी पाहिले नाही. तिच्या दादीने सांगितलेले तेवढेच तिच्याजवळ: चिंचेचे झाड, नदीकडे उतरणारा दगडी घाट, आणि घाटाच्या वर कबरी.

"मी काही आता येत नाही," ती त्याला म्हणाली. "तू जा. दुआ कर, आणि मला दाखव."

वलीमा आटोपून तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात थेट इकडे आला. घाईला कारण होते. धरणाचे पाणी पावसाच्या आधी सर्वांत खाली जाते, तेव्हाच जुन्या गावांचे दगड उघडे पडतात. तो आला त्याच दिवशी ताम्हिणीकडे ढग भरले होते. सकाळचे सोडून आम्ही दुपारीच निघालो.

गाळ गुडघाभर. वाळून भेगा पडलेला, खालून ओला. एका गुराख्याने लांबून हात करून वाट दाखवली. जोत्याचे दगड दिसले, एक फुटके जाते दिसले. घाटाच्या म्हणता येतील अशा चार पायऱ्या होत्या. चिंच कुठून असणार! आणि कबरी म्हणाव्यात असे काहीच नव्हते, नुसता उतार होता. पुतण्या बराच वेळ त्या उतारावर खाली-वर फिरला. मग मला म्हणाला, "चाचा, इथेच असं धरू या का?" मी म्हटले, धरू. आम्ही हात उचलले.

साडेसहाला त्याने व्हिडिओ कॉल लावला. शिकागोत सकाळचे आठ. फुफूजान पलंगावर उशीला टेकून बसली होती. तो मोबाइल हळूहळू फिरवत होता: पायऱ्या, जाते, उतार, पलीकडे उरलेले पाणी. ती मध्येच म्हणाली, "थांब. मागे ने. तिथे." आम्हाला तिथे काही दिसत नव्हते. तिने ओढणी डोक्यावरून पुढे घेतली आणि ओठ हलू लागले. आम्ही गप्प राहिलो.

तेवढ्यात पहिला पाऊस आला, मोठाल्या थेंबांचा. पुतण्याने छत्री उघडली आणि स्वतः बाहेर राहून मोबाइलवर धरली. त्याचा शर्ट भिजत चाललेला फुफूजानला दिसला.

"थंडी आहे का रे तिथे? किती आहे?"

"नाही दादी, सव्वीस आहे."

"सव्वीस?" ती उशीवरून उठूनच बसली. "अरे, मग स्वेटर घाल आधी!"