पाटीवरची गावठी

चिकनच्या दुकानावर आता दोन पाट्या दिसतात. ‘हलाल’ ही जुनी, ‘गावठी मिळेल’ ही नवी. पहिली पाटी कोंबडी कशी कापली ते सांगते. ती जगली कशी, हे दुसरीने सांगायला हवं, पण तिच्यावर कुणाचाच वचक नाही.

रंगीत पिसं दिसली की आपण गावठी समजतो. पण वनराज, गिरिराज या संस्थांनी तयार केलेल्या सुधारित जातीही रंगीतच. त्या परसात पाळण्यासाठीच काढलेल्या आहेत, वाईट मुळीच नाहीत. मात्र शेडमध्ये पोत्यातल्या खाद्यावर वाढवल्या तर त्या फक्त रंगीत कोंबड्या. अंड्याचंही तसंच. तपकिरी कवच ही जातीची देणगी, मोकळ्या चरण्याची खूण नाही. बलक तर खाद्यात झेंडूचा अर्क घातला तरी पिवळाजर्द होतो.

‘हार्मोनमुक्त’ हा शिक्का वाचून हसू येतं. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो तो इंजेक्शनाने नव्हे, निवडक पैदाशीने आणि खाद्याने. खरा प्रश्न अँटिबायोटिकचा आहे. माणसाच्या शेवटच्या उपायांपैकी असलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना देण्यावर भारतात 2019 मध्ये बंदी आली, ती उगाच नाही.

मग परसातली कोंबडी आपोआप पाक का? तसंही नाही. उकिरडा आणि गटार उपसणारी कोंबडीसुद्धा मोकळीच असते. मुख्यतः घाणीवर पोसलेल्या जनावराला फिकहमध्ये ‘जल्लाला’ म्हणतात. अब्दुल्ला इब्न उमर अशी कोंबडी तीन दिवस कोंडून, स्वच्छ दाणापाणी देऊन मग खात, अशी रिवायत आहे. कुरआनात सूरह बकराच्या 168व्या आयतीत ‘हलाल’च्या सोबत ‘तय्यब’ आहे. आपण सुरीपाशी थांबलो आणि दुसरा शब्द विसरलो.

खरी गावठी पाळणं सोपं नाही. कोंबडा दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने लागतात. कोंबडी मध्येच खुडूक बसते, वर्षाला साठ-सत्तर अंडी दिली तरी पुष्कळ. वर घार, खाली मुंगूस, आणि मानमोडी आली की अख्खं खुराडं रिकामं. हे सगळं बहुतेक घरातल्या बाया सांभाळतात. त्यांच्या कोंबडीला आपण घासाघीस करतो आणि पाटीवरच्या ‘गावठी’ला सांगेल तो भाव देतो.

तेव्हा दुकानात तीनच प्रश्न विचारा: कुठून आणली? खात काय होती? किती महिन्यांची? ज्याने पाळली असेल तो उत्तर देताना थांबत नाही. आणि बाजारात डालगं घेऊन बसलेली एखादी खाला हे सगळं न विचारताच सांगत असेल, तर तिच्याशी भाव करू नका.